टाकीचा गिझर काढला तो हिवाळा

८ नोव्हेंबर १९९५, बुधवार
नाना आला. पत्र नाही, निरोप नाही. साडेबाराला शाळेतून घरी आले तर जिन्यात ट्रंक, वळकटी, आणि ट्रंकेवर बसलेला माझा सख्खा मोठा भाऊ. धुळ्याहून पहिल्या गाडीने निघाला म्हणे. पहिलं वाक्य, "तुझी शाळा सुटते कधी? दोन तास झाले बसलोय."
गेल्या महिन्यात रिटायर झाला. सगळी नोकरी धुळ्यात, एकाच ऑफिसात. "किती दिवस आहेस?" विचारलं. "बघू."
ट्रंक आत ओढताना कळलं, जड आहे. रजई, कोट, दोन चादरी. बघू म्हणजे महिने.

९ नोव्हें., गुरुवार
आप्पांच्या खोलीत नानाने बस्तान मांडलं. वडील जाऊन चौदा महिने झाले. खोली मी काही देवघरासारखी ठेवली नव्हती, शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासायला बसायचे तिथे. आता वह्या ओट्याच्या कोपऱ्यात, हळदीच्या डब्याशेजारी. नववी ब च्या एका वहीवर आजच डाग पडला.
जेवताना म्हणाला, "भाजीत शेंगदाण्याचा कूट फार." सबंध खानदेशात कूट फार म्हणणारा हा एकटाच निघेल.

१२ नोव्हें., रविवार
आज विषय काढला. फ्लॅट अजून आप्पांच्या नावावर. माझ्या नावावर करायचा तर सोसायटीला दुसऱ्या वारसाची सही हवी, त्याची काही हरकत नाही म्हणून. कागद वर्षभर टाइप करून तयार ठेवलाय. अकरा वर्षं आप्पांचं सगळं मी केलं, या घरात राहून. त्यांनी नानाला तोंडावर सांगितलं होतं, घर शालूचं.
नानाने चष्मा लावला. कागद दोनदा वाचला. घडी घालून खिशात ठेवला. "घाई काय आहे?"
"मला आहे."
"मला नाही."
मग बाहेर फिरायला गेला. कागद खिशात घेऊन.

१५ नोव्हें., बुधवार
आता गिझर. सकाळी बाथरूममध्ये स्टुलावर उभा राहून गिझरवर बोटाने टकटक करत होता. "हा पस्तीस लिटरचा हत्ती कशाला पोसलाय? इथे माणसं दोन."
दोन माणसं म्हणाला. पाहुणा स्वतःला मोजत नाही.
समजावून सांगितलं, मूर्खपणा माझा. टाकीचा गिझर आहे, तांब्याची टाकी. साडेचारला बटण दाबते, पाचला बंद. पाणी दुपारपर्यंत गरम राहतं. सकाळी रोज लाईट जाते, गेली तरी अडत नाही. मला सात दहाला शाळेत हजर व्हावं लागतं.
"धुळ्यात सगळ्यांनी इन्स्टंट बसवले. एवढुसा डबा. बटण दाबलं की पाणी."
"लाईट गेल्यावर?"
"लाईट काय रोज जाते?"
आत्ताच सांगितलं होतं रोज जाते म्हणून.

२० नोव्हें., सोमवार
घरी आले तर बाथरूमच्या भिंतीवर नुसती भोकं. टाकी नाही. तिच्या जागी पांढरा प्लॅस्टिकचा डबा, शाळेतल्या डस्टरच्या खोक्याएवढा. खाली स्टुलावर एक माणूस पाने-पकडी गोळा करतोय. नानाने धुळ्याहून बोलावलेला वायरमन, दगाभाऊ नाव. नाना गॅलरीत पेपर वाचतोय.
"गिझर कुठे?"
"गेला. भंगारवाला आला होता खाली. बरं झालं, जागा मोकळी झाली."
दगाभाऊ बिचारा मधेच, "बठ्ठं बराबर शे, अक्का. बटन दाबं का पाणी गरम." सगळं बरोबर आहे म्हणे, बटण दाबूनही दाखवलं. नळातून करंगळीएवढी धार, कोमट.
मी काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या भंगाळेकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या इतकं बोलले. दगाभाऊ पिशवी उचलून चहा न घेता गेला. नाना म्हणाला, "लोकांसमोर तमाशे करायची सवय आहे तुला."
मला न विचारता माझ्या घरातली वस्तू. शाळेत गेलेली बघून.

२१ नोव्हें., मंगळवार
पाच वाजता बटण दाबलं. पाच दहाला लाईट गेली. थंड पाण्याने आंघोळ. शाळेत तिसऱ्या तासाला घसा बसला.
आल्यावर सांगितलं. नाना म्हणे, "मग उशिरा कर आंघोळ. मी आठला करतो, मला मस्त मिळालं."

२६ नोव्हें., रविवार
बोलणं बंद. जे सांगायचं ते कॅलेंडरच्या मागे लिहायचं असं आपोआप ठरलंय. मी: दूधवाल्याला उद्या नको म्हणणे. नाना: का? मी: सांगितलं तेवढं करणे.
आज भरीत केलं होतं, चांगली मोठी वांगी मिळाली. त्याला आवडतं हे आठवून दुप्पट तिखट घातलं. डोळ्यांतून पाणी काढत खाल्लं सगळं.

३० नोव्हें., गुरुवार
फ्यूज उडाला, तिसऱ्यांदा. गिझर चालू असताना कुणी इस्त्री लावली की उडतो. कुणी म्हणजे तो. रिटायर माणसाला रोज इस्त्रीचा शर्ट लागतो.
फ्यूज त्यानेच बांधला. मी बघितलं, तार कुठली घातली ते. जाडजूड, तीनपदरी. शास्त्र शिकवते मी, म्हटलं, "ही तार घर जळलं तरी वितळायची नाही."
"म्हणजे उडणार नाही. तेच तर पाहिजे."

४ डिसें., सोमवार
ठरवलं, त्या डब्याचं पाणी घेणारच नाही. पहाटे गॅसवर मोठ्या पातेल्यात तापवते, बादलीत ओतते, जड जातं पण चालेल. मनगट दुखतं. दुखू दे.
मी पातेलं घेऊन जात होते तेव्हा तो खोलीच्या दारात उभा होता. "हट्टी आहेस," म्हणाला. फ्यूजच्या दिवसानंतर तोंडाने बोललेलं पहिलं वाक्य.

९ डिसें., शनिवार
सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठलं. कागदाचं काय झालं? म्हटलं, भाऊ आलेत, सही होईल. ते म्हणाले, "नाना तर म्हणत होते आता इथेच राहणार, दोघांचं नाव लावा."
दोघांचं.
घरी येऊन विचारायचं होतं. तो झोपला होता, तोंड उघडं टाकून, आप्पांच्या पलंगावर. उठवावंसं वाटलं. उठवलं नाही. स्वयंपाकघरात भांडी आपटली. तरी उठला नाही.

१२ डिसें., मंगळवार
नाना धुळ्याला गेला, पेन्शनच्या कागदांसाठी. एरंडोल, पारोळा करत जाणारी सकाळची गाडी. दिवसभर घर माझं. दार उघडं टाकून बसले, आप्पांच्या खोलीत वह्या तपासल्या. रात्री परत यायच्या ऐवजी तिकडेच राहील असं वाटलं होतं. सात वाजता आला.

१४ डिसें., गुरुवार
कडाका पडलाय. वर्गात मुली हात बगलेत घालून बसतात. खडू धरवत नाही.
नाना कालपासून जरा गप्प. कॅलेंडरवरही काही लिहीत नाही. कदाचित धुळ्यात मुलाने, सतीशने, काही ऐकवलं असेल. ऐकवू दे.

१७ डिसें., रविवार
सगळं एकदाच लिहून टाकते.
सकाळपासून नाना गॅलरीत उभा. खाली रस्त्याकडे बघतोय. कुणाची वाट बघतोस विचारलं नाही. सतीश येणार असेल वाटलं. कुणी आलं नाही.
दुपारी सिलिंडर संपला. दुसरा नंबर लावलाय, अजून आलेला नाही. स्टोव्हला रॉकेल नाही. संध्याकाळी नाना चहा मागायला आला. नाही म्हटलं, गॅस संपला. ओरडलाच. "एवढी शिकलेली बाई, सिलिंडर संपायच्या आधी कळत नाही?"
त्यावरून मी सेक्रेटरींचं काढलं. दोघांचं नाव म्हणजे काय?
"आप्पा माझेही होते."
"अकरा वर्षांत किती वेळा आलास? दिवाळीला दोन दिवस."
"तू येऊ दिलंस कुठे? आप्पांना धुळ्याला न्यायला आलो होतो, तू म्हणालीस प्रवास झेपणार नाही. तुला ते हवे होते. तुला नवरा मिळाला नाही, मुलंबाळं नाहीत. म्हातारा माणूस धरून बसलीस, काही तरी असावं म्हणून."
तो थांबला असता तर बरं झालं असतं.
"गिझरसाठी रडलीस त्या दिवशी. भंगाळेकाकू सांगत होत्या. आप्पा गेले तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं तुझ्या. मी बघितलंय."
खरं आहे ते. टिपूस नव्हतं. चार महिने झोप नव्हती त्याआधी, ते त्याने बघितलं नव्हतं.
मी खोलीत आले. दार लावलं. त्याला मरण का येत नाही, असं मनात आलं. हे शब्द असेच्या असे मनात आले म्हणून लिहून ठेवते.

१८ डिसें., सोमवार. दुपार, दवाखान्यातून येऊन
क्रमाने लिहिलं पाहिजे.
पहाटे पाच. गॅस नाही. थंडी इतकी की फरशीवर पाय टेकवत नव्हता. नाइलाजाने त्या डब्याचं बटण दाबलं. बादली ठेवली, नळ सोडायला हात लावला. जोराची मुंगी चावली, कोपरापर्यंत. पायात रबरी स्लीपर होती म्हणून तेवढंच. मला वाटलं मनगटाचं दुखणं. परत बोट लावलं. परत तेच.
कपाटातून आप्पांचा टेस्टर काढला. नळाला टेकवला. पेटला. लाल, लख्ख पेटला.
डब्याच्या बाजूला वाकून पाहिलं. तीन तारांपैकी दोनच जोडलेल्या. तिसरी, अर्थिंगची हिरवी, टोक दुमडून वर टेप मारलेली.
बटण बंद केलं. थंड पाण्याने चार तांबे अंगावर घेतले.
नाना आठला आंघोळ करतो. अनवाणी.
चिठ्ठी लिहायला बसले. कॅलेंडरचं पान, पेन. "नळाला" एवढं लिहिलं. मग कालचं सगळं कानात वाजायला लागलं. टिपूस नव्हतं. पेन खाली ठेवलं. मनात म्हटलं, बटण तर मी बंद केलंय. मनात म्हटलं, त्यानेच बसवलाय, बघेल तो. दोन्ही वेळा मला माहीत होतं की ही पळवाट आहे, कारण आठ वाजता तो बटण दाबणारच.
साडेसहाला निघाले. दार हळू लावलं, तो जागा होऊ नये म्हणून.
प्रार्थना. पहिला तास आठवी अ. हजेरी घेताना एक नाव दोनदा घेतलं, मुली हसल्या. पहिला तास संपला तेव्हा आठला दहा कमी. मुख्याध्यापिकांच्या खोलीत फोन आहे. भंगाळेकाकूंचा नंबर मला पाठ आहे. बाई खोलीत नव्हत्या. दारापाशी दोन मिनिटं उभी राहिले. आत गेले नाही. दुसऱ्या तासाला गेले.
दुसरा तास निम्मा झाला आणि मुलींना वाचायला सांगून धावत गेले. जिन्यात एका शिक्षिकेला धडकले. फोन फिरवला. वाजत राहिला. कुणी उचलेना. ठेवला, परत फिरवला. परत तेच. वीस मिनिटं. मग रिक्षा केली.
घराला कुलूप. काकूंच्याही घराला. खालच्या दुकानदाराने सांगितलं, तुमच्या भावाला दवाखान्यात नेलं, बाथरूममध्ये पडले, काकूंनीच नेलं.
जिवंत आहे. उजवा हात कोपराजवळ मोडला, सहा आठवडे प्लास्टर. बोटांच्या टोकांना चटका. डॉक्टर म्हणाले, नशीबवान, नळापासून फेकला गेला म्हणून सुटला, धरून राहिला असता तर.
मला बघून म्हणाला, "लाईट गेली होती. मला वाटलं बंद आहे. नळ हातात असतानाच आली."
आणि लगेच, "या फ्लॅटचं वायरिंगच जुनाट आहे तुझं."
मी पाणी दिलं त्याला. हातात ग्लास धरता येईना. ओठाला लावला.

१९ डिसें., मंगळवार
रजा टाकली. मेन स्विच बंद करून तो डबा स्वतः उतरवला. तोंडाने शिव्या देत होते, असं काकू नंतर म्हणाल्या. मला आठवत नाही.
काकू सांगत होत्या, "धाडकन आवाज आला. दार ठोकलं, आतून कण्हणं. कडी तोडली आम्ही. फोन वाजत होता माझ्या घरात, पण कोण उचलणार." मी मान खाली घालून ऐकलं. त्यांना वाटलं मी रडते आहे.

२१ डिसें., गुरुवार
नानाच्या शर्टाची बटणं लावावी लागतात. पायजम्याची नाडी. तो छताकडे बघतो, मी भिंतीकडे.
काकूंनी सिलिंडर उसना दिला. पातेल्यात पाणी. पाठीवर ओतते. "फार गरम." थंड घातलं. "आता गार." तांब्या टाकून बाहेर आले. पाच मिनिटांनी, "शालू." परत गेले.
सतीशला फोन केला, काकूंकडून. "हो का? बाबांची काळजी घ्या, आत्या. मला सुटी नाही." बापाचा हात मोडलाय म्हटलं. "हो, कळलं."

२३ डिसें., शनिवार. धुळ्याहून परत येऊन
काकूंना नानाकडे बसवून गेले होते. दोन कामं. सतीशला समोर गाठायचं आणि त्या दगाभाऊला धरून आणायचं.
सतीश आधी. त्याची बायको पाणी देऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. सतीश म्हणाला, "आत्या, खोटं बोलत नाही. रिटायर झाल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी घरातलं सगळं बदललं. मोरी फोडली. हिचा मिक्सर खोलून ठेवला, तो अजून खोललेलाच आहे. एक दिवस मी जोरात बोललो. ते ट्रंक भरायला लागले. आम्ही जा म्हटलं नाही."
"थांबा म्हटलं?"
"नाही."
बाहेर पडले तेव्हा मला सतीशचा राग यायला हवा होता. नानाचाच आला. तू तिकडे नकोसा झालास म्हणून माझ्याकडे आलास आणि माझ्याकडेही तेच.
मग दगाभाऊचं दुकान. मला बघून उभाच राहिला. मी तोंड सोडलं, गल्लीतले लोक जमले. तो ऐकून घेत होता. मग हात जोडून, "अक्का, मी तं तव्हयच बोलनू व्हतू, तिसरी तार जोडनी पडी. वायर कमी पडनी. नाना बोलनात, राहू दे, चाली जाई."
म्हणजे अर्थिंग नानानेच सोडायला लावलं. आणि पुढे, "मांगला मंगळवारले नाना दुकानवर उनात. बोलनात, दगा, नळले करंट येस रे. मी सांगं, बादली भरनी का बटन बंद करा, मंग आंग धोवा. रईवारले येस मी. पन रईवारले मना पोऱ्या आजारी पडना, येवानं जमनं नही."
नळाला करंट येतो हे नाना स्वतः सांगून गेला होता, आणि दगा रविवारी येणार होता. मी विचारलं, कुठल्या मंगळवारी? पेन्शनच्या कामाला आलते तो मंगळवार, म्हणाला.
बारा तारीख.
गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. पारोळ्यापर्यंत डोक्यात काही नव्हतं. मग एकेक. बारा तारखेपासून नानाला माहीत होतं. रविवारी गॅलरीत तो दगाची वाट बघत होता. मी गॅसवर पाणी तापवते, म्हणून मला सांगितलं नसेल. ठीक. पण रविवारी सिलिंडर संपला. ते त्याला माहीत होतं, चहासाठी तोच ओरडला. सोमवारी पहाटे मी गिझर लावणार, हे कळायला शास्त्र शिकवायला लागत नाही. तो त्याच्या खोलीत होता, मी माझ्या. एक वाक्य बोलला नाही.
विसरला? भांडणात विसरला असेल.
की माझ्यासारखं?

२४ डिसें., रविवार
दगाभाऊ पहिल्या गाडीने आला, स्वतःहून. नवी वायर टाकली, जमिनीपासून अर्थिंग घेतलं, फ्यूजची तार बदलली. मी टेस्टर घेऊन बाजूला उभी. दगाने नजर वर केली नाही.
नाना प्लास्टरचा हात छातीशी धरून दारात. आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. दगा काही बोलला का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मी काही दाखवलं नाही.
डबा परत लावू का, दगाने विचारलं. मी नाही म्हटलं. त्याच क्षणी नानाही नाही म्हणाला.

३० डिसें., शनिवार
पातेल्यानेच चाललंय. दोघांचं पाणी, दोन फेऱ्या.
नाना आता कूट फार म्हणत नाही. ते जास्त त्रासाचं आहे. ओरडला तर ओरडता येतं. तो ताट पुढे ओढतो, डाव्या हाताने सांडत खातो, आणि बास म्हणतो. शेवभाजी केली आज, बाजारातून तिखट शेव आणून. दोनदा घेतली. मी तिसऱ्यांदा वाढायला गेले, त्याने ताटावर हात धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी पटकन वळले.
याला माझं माहीत आहे का? बटण बंद होतं हे त्याने पाहिलंच असेल. त्या डब्याचं बटण मी वापरत होते तेव्हा कधीच बंद करत नसे, पुढच्यासाठी चालू ठेवायचे, यावरून आम्ही भांडलोय.

५ जाने. १९९६, शुक्रवार
आज नाना म्हणाला, "तो कागद माझ्या कोटात आहे. काढ. उजवा चालत नाही, डाव्या हाताचा अंगठा देतो. सेक्रेटरीला बोलव साक्षीला."
दोन महिने ज्यासाठी मी जीव टाकला ते.
"आज का?"
"आज का म्हणजे? तुला हवं होतं ना?"
"हवं होतं. आज का देतोस ते सांग."
कुकरची शिट्टी झाली, उठून बंद केला. परत आले तर तो तसाच बसलेला, अंगठा दुसऱ्या बोटांवर घासत.
"प्लास्टर निघू दे," म्हटलं. "सही कर नीट. अंगठा काय, अडाणी आहेस का?"
"जशी तुझी मर्जी." आणि चिडून, "तुला काही दिलं तरी पटत नाही. आप्पांनाही असंच करायचीस."
बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, ओरडला म्हणून. मीही ओरडले.

१२ जाने., शुक्रवार
कागद कोटातच आहे. इस्त्रीला कोट काढला तेव्हा हाताला लागला. काढून घेतला असता तरी त्याला कळलं नसतं. परत ठेवला.
भीती ही की सही घेतली तर हिशेब मिटला असं होईल. त्याच्याकडून त्याचा, माझ्याकडून माझा. आणि मग तो ट्रंक भरेल. जायला त्याला जागा कुठे आहे?
हे मी काय लिहितेय. जाऊ दे की.

२० जाने., शनिवार
काकू म्हणाल्या, भावाबहिणीचं चांगलं जमलंय आता, आवाज येत नाही घरातून.
आवाज येत नाही हे खरं.
आज पाठीवर पाणी ओतताना खांद्यावर आप्पांसारखाच तीळ दिसला. बघून काहीही वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं मात्र वाटलं. मान पुसून दिली. तो म्हणाला, "शाले, हात भाजेल, पातेलं कपड्याने धर." मी म्हटलं, "तू तुझं बघ." फार जोरात म्हटलं.

२९ जाने., सोमवार. दवाखान्याच्या बाकावर
डायरी पर्समध्ये होती म्हणून इथेच लिहितेय.
प्लास्टर कापायचं आज. रिक्षात बोललो नाही. इथे गर्दी. बाकावर शेजारी बसलो. समोर एक बाई लेकराला पाजत होती. नाना तिच्याकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"त्या दिवशी पहाटे तू गिझर लावलास."
"हो."
"तुला लागला शॉक?"
हो म्हणायला फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं लागेल.
"हो."
"आणि बटण बंद करून शाळेत गेलीस."
"गेले."
त्याने मान हलवली, ऑफिसात फाइल पुरी वाचून झाल्यावर हलवत असेल तशी. राग नाही. राग असता तर मी तिथेच बसून राहिले असते आणि झालं असतं. पण तो नुसता मान हलवत राहिला. ते मला सहन झालं नाही.
"दगाला मंगळवारी काय सांगितलं होतंस तू?" मी विचारलं. हळू. त्या बाईने मान वर केली इतपत ऐकू गेलं असेल.
नानाचा चेहरा उतरला. असा मी आप्पा गेले तेव्हाही पाहिला नव्हता. तोंड उघडलं. "शालू, मी त्या रात्री तुझ्या दाराशी" एवढं म्हणाला. तेवढ्यात आतून नाव पुकारलं. तो उठेना. परत पुकारलं. नर्स दारात येऊन म्हणाली, चला बाबा, मागे लोक आहेत. उठला. आत गेला.
दाराशी काय. आला होता? उभा राहिला होता? परत गेला? की आताच सुचलं त्याला?
त्या रात्री मी जागीच होते. दारावर थाप नव्हती. पावलं ऐकू आली होती का, हे आठवून आठवून बघतेय. एकदा वाटतं आली होती. पण मला ती यायला हवी आहेत, म्हणूनही वाटत असेल.
आत प्लास्टर कापायचं मशीन बराच वेळ चालू होतं. आता थांबलंय. ती बाई विचारतेय, तुमचे कोण? भाऊ म्हटलं.
अजून बाहेर आलेला नाही.